विंडोजचे प्लगिन लिनक्सवर चालतात

संपादक महोदय,

लिनक्सवर आलो की विंडोजचे प्लगिन (संगीत सॉफ्टवेअरला जोडायची वाद्ये व इफेक्ट) सोडावे लागतात, हा समज आता जायला हवा. वाइन (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारे सॉफ्टवेअर) आणि याब्रिज (विंडोजचे प्लगिन लिनक्सच्या संगीत सॉफ्टवेअरला जोडणारा दुवा) या जोडीवर व्हीएसटी२, व्हीएसटी३ व क्लॅप हे प्लगिनचे तिन्ही प्रकार चालतात. प्लगिन वाइनमधून इन्स्टॉल करावा, टर्मिनलमध्ये ‘याब्रिजसीटीएल ॲड’ या आज्ञेने त्याचे फोल्डर नोंदवावे, मग ‘याब्रिजसीटीएल सिंक’ ही आज्ञा द्यावी. नवा प्लगिन घातला की सिंक पुन्हा करावेच लागते. ‘प्लगिन यादीत दिसत नाही’ या तक्रारीचे मूळ बहुधा इथेच असते. याब्रिज ५.१.१ सोबत वाइन ९.२२ किंवा पुढचे आले की माउसचा क्लिक भलत्याच जागी लागतो. म्हणून ९.२१ वरच थांबावे आणि अपडेट रोखून ठेवावे. आवाज तुटत असल्यास रिअलटाइम परवानगी (आवाजाच्या कामाला प्राधान्य देण्याची मुभा) व मेमलॉक मर्यादा (प्रोग्रॅमला किती मेमरी राखून ठेवता येते ती) तपासावी. यूएसबी डोंगलवर (परवाना साठवलेली, यूएसबीला लावायची किल्ली) चालणारे परवाने मात्र वाइनमध्ये सहसा चालत नाहीत. विकत घेण्याआधी ट्रायल आवृत्ती लावून पाहावी.

– एक वाचक