निळ्या तुऱ्यांचा बेत

फोंडा, गोवा
२० सप्टेंबर

प्रिय सुलू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र चवथीच्या धांदलीत आलं, म्हणून उत्तराला उशीर. लेकीकडे इंग्लंडला जाऊन आलीस ती डेल्फिनियमचं वेड घेऊनच आलीस म्हणायची! माणसाच्या उंचीचे ते निळे तुरे साखळी गावातल्या तुझ्या परसात उभे करायचे आणि फुलदाणीसाठी रोज तिथूनच कापायचे, हा बेत वाचायला झकास वाटला. पण तोंडावर सांगते, खरं डेल्फिनियम आपल्याकडे टिकायचं नाही.

ते झाडच थंडीचं. हिवाळ्यात वरचं सगळं वाळून जातं, गड्डा तेवढा जमिनीत राहतो आणि थंडी खाऊन वसंतात पुन्हा फुटतो. तिथली जूनमधली दुपार आणि आपली जानेवारीतली पहाट, पारा साधारण एकाच जागी, विशीच्या आसपास. म्हणजे आपला हिवाळा हाच त्याचा उन्हाळा झाला. एखादं झाड हट्टाने तगलंच, तर मिरग लागला की बुंध्याशी कुजणार. तेव्हा ‘पॅसिफिक जायंट’ जातीच्या बियांची महागडी पाकिटं मागवायच्या फंदात पडू नकोस. पाकिटावरचं चित्र बघायचं असेल तर गोष्ट वेगळी.

त्याऐवजी लार्कस्पर लाव. ती डेल्फिनियमच्याच गोतातली, पण एका हंगामात उगवून, फुलून संपणारी. तुरे जरा सडपातळ, झाड कमरेएवढं. निळा रंग मात्र तोच, आणि आपल्या बागांत निळ्याचाच दुष्काळ. अबोली झाली, शेवंती झाली, झेंडू झाला. निळं म्हणावं तर गोकर्ण, आणि तिला धड देठ नाही की फुलदाणीत उभी राहील.

बी आत्ताच आणून ठेव, पण पेरायची घाई करू नकोस. ऑक्टोबरच्या उन्हात ते रुजत नाही. पाकीट नीट बंद करून पंधरा दिवस फ्रिजमध्ये ठेव आणि दिवाळी झाली, पहाटे जरा गार वाटू लागलं, की थेट वाफ्यात पेर. रोपं करून हलवायची नाहीत; सोटमूळ दुखावलं की झाड रुसतं. उगवायला अंधार लागतो, म्हणून वर बोटाच्या पेराच्या निम्मी माती हवीच. पुढे दाटी झाली की वीतभर अंतर ठेवून विरळणी कर. कोवळी रोपं उपटताना जीव होत नाही, पण उपट.

तुझी माती चिऱ्याची, जांभ्या दगडाची, म्हणजे आंबट. ही बाई अशा मातीत खूश नसते. गादीवाफा कर, कुजलेलं शेणखत घाल आणि पेरणीच्या आधी थोडा शिंपल्यांचा चुना मिसळ. पाणी मुळाशी दे. पानांवर ओल राहिली की रोग धरतो. तुरे वर निघाले की दोन्ही बाजूंनी पोफळीच्या रिपा ठोकून केळीच्या दोराने सैल बांध. संध्याकाळचा वारा एका झटक्यात सगळी रांग आडवी करतो.

माझ्याकडे फेब्रुवारीत फुलं येतात. कापायची ती भल्या पहाटे, तुऱ्याची खालची एक तृतीयांश फुलं उमलली असताना. सगळ्याच कळ्या मिटलेल्या असताना कापलंस तर वरच्या कधी उघडत नाहीत. पूर्ण फुललेला तुरा कापलास तर घरात आणेपर्यंत खालच्या पाकळ्या गळायला लागतात. खालची पानं काढून देठ लगेच बादलीतल्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडव, दोन-तीन तास सावलीत राहू दे, मग फुलदाणीत.

आणि फुलदाणी पिकत्या फळांपासून लांब. आमच्याकडे सासूबाईंनी मयड्याच्या केळ्यांचा घड शेजारी टेकवून ठेवला होता. सकाळी बघते तर टेबलावर निळा सडा आणि देठाला नुसत्या हिरव्या काड्या! पिकणाऱ्या फळातून इथिलीन नावाचा वायू सुटतो आणि या फुलांना तो अजिबात सोसत नाही. बाजारात येणाऱ्या फुलांना यावर चांदीच्या क्षाराचं औषध पाजतात. आपण केळी स्वयंपाकघरात ठेवावीत, एवढं पुरे.

विकायचा विचार मात्र मनात आणू नकोस. जेमतेम महिनाभराचा बहर, त्यात ऊन वाढलं की आटोपलं. चार पैसे हवेत तर निशिगंधाचे कंद लाव, हेलिकोनिया तर तुझ्या कुळागरात पोफळींच्या सावलीतही मजेत येईल. लार्कस्पर ही घरापुरती हौस. उरलेले तुरे जुडी करून अंधाऱ्या खोलीत उलटे टांग. वाळल्यावरही रंग बराच टिकतो.

भावोजींना नमस्कार. पेरणीच्या वेळी मी येऊन जाईन, तोवर वाफा तयार ठेव.

तुझी,
मंगल

ता. क. तुझं वासरू मोकळं फिरतं ना? वाफ्याला आधी कुंपण घाल. या झाडाचा प्रत्येक भाग विषारी, बी तर सगळ्यात जास्त. अमेरिकेत डोंगराळ कुरणांत रानटी डेल्फिनियम खाऊन गुरं मरतात. नातवंडं आली की बियांचं पाकीटही वरच्या फळीवर.