बाई, रुग्णाच्या तोंडची इंग्रजी तुम्ही शिकवलीत

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या हातातही देता आलं असतं. मंगळवार पेठेतलं तुमचं घर माझ्या ड्यूटीच्या वाटेवरच आहे. पण आभाराचं काही बोलायला लागलं की तुम्ही चहाचं आधण ठेवायला उठता, म्हणून चारचौघांत लिहिते आहे. आणखी एक कारण आहे. गारगोटी, राधानगरी, गडहिंग्लज, कागल, अशा कितीतरी गावांतून मुली कोल्हापुरात नर्सिंगला येतात आणि पुढं परदेशातल्या नोकरीसाठी इंग्रजीच्या परीक्षेला बसतात. तुम्ही मला काय शिकवलंत आणि कसं, ते त्यांच्यापर्यंतही पोचावं.

ओईटीचा, म्हणजे डॉक्टर-नर्सेससाठी असलेल्या त्या इंग्रजीच्या परीक्षेचा, निकाल लागला. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, चारही भागांत बी ग्रेड आली. हे तुम्हाला फोनवर सांगितलंच आहे. आजचे आभार त्या ग्रेडचे नाहीत.

आमचं नर्सिंगचं शिक्षण इंग्रजीतून झालं. त्यामुळं डिस्पनिया (धाप), एडिमा (सूज), नॉशिया (मळमळ), हायपरटेन्शन (वाढलेला रक्तदाब) हे शब्द आम्हाला झोपेतही येतात. तुमच्याकडं पहिल्यांदा आले तेव्हा तुम्ही व्याकरणाचं पुस्तक उघडलं नाहीत. विचारलंत, "तुझ्या वॉर्डातली म्हातारी 'मला वमन होत आहे' असं म्हणते काय?" मी म्हटलं, नाही. ती म्हणते, पोटात ढवळाय लागलंय, गरगराय लागलंय. तुम्ही म्हणालात, "मग तिकडची म्हातारी तरी 'व्हॉमिट' कशाला म्हणेल? ती 'थ्रो अप' म्हणेल. चक्कर येऊन पडली तर 'पास आऊट' म्हणेल. औषधाचा असर कमी झाला तर 'वेअर ऑफ' म्हणेल. तू पुस्तकातली इंग्रजी शिकलीस. आता खाटेवरची शिक."

यामागचा इतिहासही तुम्ही सांगितलात, आणि तो कळल्यावर मला ती भाषा वैरीण वाटेनाशी झाली. 1066 साली नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं. पुढं कित्येक पिढ्या दरबार आणि न्यायकचेरी फ्रेंचमध्ये चालली, चर्च आणि विद्या लॅटिनमध्ये. घरात, गोठ्यात, शेतात मात्र जुनी इंग्रजी राहिली. म्हणून आजही एकाच गोष्टीला दोन-दोन शब्द सापडतात. कागदावर 'टॉलरेट', बोलण्यात 'पुट अप विथ'. कागदावर 'पोस्टपोन', बोलण्यात 'पुट ऑफ'. खोकून बेडका काढण्याला डॉक्टर 'एक्स्पेक्टोरेट' लिहितील, रुग्ण 'कफ अप' म्हणेल. आपल्याकडंही ज्वर वैद्याच्या पोथीत आणि ताप अंगात असतोच की.

याद्या पाठ करायला तुम्ही कधीच लावल्या नाहीत. बाजारात मिळणाऱ्या पुस्तकांत 'गेट'च्या पुढं वीस अर्थ, 'टेक'च्या पुढं तीस अर्थ असतात आणि दुसऱ्या पानावर पहिलं पान विसरायला होतं. तुम्ही क्रियापद बाजूला ठेवून शेपटीचा शब्द धरायला सांगितलंत. एक आठवडा फक्त 'अप', पुढचा आठवडा फक्त 'ऑफ', मग 'आऊट', मग 'डाऊन'. 'ईट अप', 'यूज अप', 'क्लीन अप' यांत 'अप'चा वर जाण्याशी संबंध नाही. काम पुरं करून टाकणं, हा त्याचा भाव. "आपण 'खा' आणि 'खाऊन टाक' यात जो फरक करतो तोच," असं तुम्ही म्हणालात आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. 'ऑफ'मध्ये सुटणं, उतरणं, बंद पडणं. भूल उतरते, ताप उतरतो, नशा उतरते, तसंच 'वेअर ऑफ'. सगळीकडं हे चालत नाही, हेही तुम्ही तेव्हाच बजावलंत. 'ब्रिंग अप' म्हणजे मूल वाढवणं, विषय काढणं आणि उलटीतून किंवा खोकल्यातून बाहेर काढणं. यात शेपटीवरून अर्थ लागत नाही. तिथं पुढचं-मागचं वाक्य ऐकायचं.

माझी भीती खऱ्या अर्थानं गेली ती तुम्ही 'मारणे' आणि 'काढणे' फळ्यावर लिहिलंत त्या संध्याकाळी. उडी मारतो, गप्पा मारतो, हाक मारतो, रंकाळ्यावर चक्कर मारतो, आणि यात मार कुणालाच बसत नाही. म्हशीची धार काढतो, फोटो काढतो, सहल काढतो, कळ काढतो, दिवस काढतो, आणि एखाद्याचा काटाही काढतो. "हे तुला कुणी शिकवलं?" तुम्ही विचारलंत. कुणीच नाही. घरात ऐकून आलं. "मग जिला हे पेलतं तिला 'गेट ओव्हर' (सावरणं) आणि 'गेट थ्रू' (निभावून नेणं) का पेलू नये?" माझी मराठी माध्यमाची शाळा ही अडचण आहे असं मला आजवर अनेकांनी ऐकवलं होतं. त्याच मराठीच्या कानानं इंग्रजी ऐकायला शिकवणाऱ्या तुम्ही पहिल्या. या एका गोष्टीचे आभार मी आयुष्यभर मानत राहीन.

अवघड वाटणं स्वाभाविक आहे, याचा पुरावाही तुम्ही दिलात. 1755 साली इंग्रजीचा मोठा शब्दकोश करणाऱ्या सॅम्युअल जॉन्सननं प्रस्तावनेतच लिहिलं आहे की क्रियापदाला असा छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची रीत परकीयांना फार जड जाते. आणि हे छोटे शब्द किती ओझं वाहतात ते दाखवायला सी. के. ऑग्डेनचं उदाहरण. त्यानं 1930 मध्ये 'बेसिक इंग्लिश' मांडली, एकूण 850 शब्दांची, आणि त्यांत क्रियापदं फक्त 18. गेट, गिव्ह, पुट, टेक, गो, कम यांना अप, आऊट, ऑफ जोडून बाकीचं भागवायचं. ती योजना जगात रुजली नाही, पण तिच्यामुळं मला धीर आला.

उच्चाराचं तर कुठल्याच क्लासात कुणी सांगत नाही. 'थ्रो अप' म्हणताना जोर 'अप'वर हवा, 'पास आऊट'मध्ये 'आऊट'वर. पण तोच जोड नाम झाला की जोर जागा बदलतो. 'चेकअप', 'फॉलोअप', यांत पहिल्या शब्दावर. ऐकण्याच्या पेपरात याचा मला फार उपयोग झाला. आणि 'इट' कुठं घालायचं तेही. 'टेक युवर शर्ट ऑफ' आणि 'टेक ऑफ युवर शर्ट', दोन्ही बरोबर. पण 'इट' आलं की 'टेक इट ऑफ' एवढंच. उलट 'लुक आफ्टर' फोडता येत नाही, 'लुक आफ्टर हर' असंच म्हणायचं.

'पास आऊट'वर थोडं जास्त लिहिते, कारण आपल्याकडं सगळेच "मी अमुक साली पास आऊट झाले" असं म्हणतात. तिकडच्या मुलाखतीत ते वाक्य ऐकणाऱ्याला आधी बेशुद्ध पडणंच आठवेल. 'ग्रॅज्युएट' म्हणावं, किंवा 'आय क्वालिफाइड' म्हणावं. मुलींनो, एवढं नक्की लक्षात ठेवा.

वाक्प्रचार तुम्ही मोजकेच दिलेत आणि तेही वॉर्डात कानावर पडतील असे. 'अंडर द वेदर' म्हणजे बरं वाटत नाही. 'ऑन द मेंड' म्हणजे उतार पडतोय. 'पिन्स अँड नीडल्स' म्हणजे हातापायाला मुंग्या येणं. त्यांना टाचण्या-सुया टोचतात, आपल्याला मुंग्या चावतात, त्रास एकच. 'आय नीड टु स्पेंड अ पेनी' असं एखादी ब्रिटिश आजी म्हणाली तर तिला पैसे नकोत, लघवीला जायचंय. तिकडं पूर्वी सार्वजनिक शौचालयाच्या दाराला नाणं टाकावं लागायचं, एक पेनी, त्यावरून हे आलं. वयस्कर बाईची ही लाज राखायची असते आणि ती राखायला आधी वाक्य कळावं लागतं. परीक्षेतल्या संवादात माणूस रुग्णाची भूमिका घेऊन समोर बसतो, असे दोन प्रसंग, प्रत्येकी साधारण पाच मिनिटांचे. तिथं मी माझी इंग्रजी ऐकवायला न जाता समोरच्याचं ऐकत राहिले. ही सवय तुम्ही लावलीत.

मृत्यूबद्दल बोलायचा धडा मात्र तुम्ही सगळ्यांत सावकाश घेतलात. "आपण वारले म्हणतो, देवाज्ञा झाली म्हणतो, आणि कट्ट्यावरची पोरं गचकला म्हणतात. नातेवाइकांसमोर कुठला शब्द वापरायचा ते तुला कुणी शिकवायला लागलं नाही. तिकडं 'पास अवे' म्हण, आणि जिथं गैरसमज व्हायची शक्यता आहे तिथं सरळ 'डाइड' म्हण. 'किक द बकेट' म्हणजे तिकडचं गचकणं, ते ऐकून ठेव, तोंडातून काढू नकोस." रात्रपाळीत घरच्यांना निरोप सांगायची वेळ माझ्यावर इथं मराठीतून अनेकदा आली आहे. तो निरोप दुसऱ्या भाषेतही तितक्याच जपून सांगता यायला हवा, ही काळजी परीक्षेच्या कुठल्याच पुस्तकात मला दिसली नव्हती.

तुम्ही एक पैसाही घेतला नाहीत. नाइट ड्यूटी संपवून आले की आधी खायला घालायचात, मग वही उघडायला सांगायचात. करवीर नगर वाचन मंदिरात बसून इंग्रजी पेपर वाचायची गोडीही तुम्हीच लावलीत. 1850 सालापासूनची ती संस्था, आणि मी इतकी वर्षं तिच्यासमोरून नुसती जात होते.

आता एक विनंती. आमच्या वॉर्डातल्या दोघी जणी पुढच्या परीक्षेची तयारी करताहेत. दोघीही मराठी माध्यमाच्या, एक भुदरगडची, एक शाहूवाडीची. मी जाईपर्यंत जमेल तेवढं मीच त्यांच्याकडून करून घेते आहे. 'अप' झालं आहे, 'ऑफ' अर्धं झालं आहे. पण 'मारणे' आणि 'काढणे'चा तास तुम्हीच घ्यावा असं मला वाटतं. येत्या गुरुवारी त्यांची सकाळची पाळी आहे. संध्याकाळी सहाला घेऊन आले तर चालेल का, तेवढं फोनवर कळवा.

तुमची विद्यार्थिनी