म्यूऑनच्या बातमीचा उत्तरार्ध

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या फर्मीलॅब या प्रयोगशाळेच्या 'म्यूऑन जी मायनस टू' प्रयोगाचा अंतिम निकाल ३ जून २०२५ रोजी जाहीर झाला. एप्रिल २०२१ मध्ये याच प्रयोगाच्या पहिल्या निकालावर निसर्गातल्या चार ज्ञात बलांपलीकडच्या पाचव्या बलाची चाहूल लागल्याच्या बातम्या झळकल्या होत्या. अंतिम निकालाच्या वाट्याला मात्र चार ओळी आल्या, आणि त्याही अपेक्षाभंगाच्या सुरात. मी भौतिकशास्त्र शिकवते. दुसऱ्याच दिवशी वर्गात एका मुलीने विचारले, "मॅडम, म्हणजे एवढा मोठा प्रयोग फुकट गेला?" हा प्रश्न माझ्या जिव्हारी लागला, कारण झाले आहे ते नेमके उलटे.

म्यूऑन हा इलेक्ट्रॉनचा सुमारे २०७ पट जड भाऊ. जन्मल्यावर सरासरी सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या अवघ्या २.२ पट काळात तो विरून जातो. चुंबकीय क्षेत्रात त्याचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो. अवकाशात क्षणभर उमटून मावळणारे ज्ञात-अज्ञात कण या डुलण्याच्या वेगात किंचित फरक पाडतात. म्हणूनच तो वेग अचूक मोजला, तर आजवर न दिसलेल्या कणांचाही सुगावा लागू शकतो. त्यासाठी लागणारे सुमारे १५ मीटर व्यासाचे चुंबकाचे कडे २०१३ साली न्यूयॉर्कजवळच्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेतून, जिथे हाच प्रयोग आधी झाला होता, फ्लोरिडाला वळसा घालून, समुद्र आणि नद्यांमधून, शिकागोजवळच्या फर्मीलॅबमध्ये अखंड नेण्यात आले. ते काही मिलिमीटर जरी पिळवटले असते, तरी निकामी झाले असते.

मला सर्वांत भावते ते या प्रयोगातले घड्याळ. डुलण्याचा वेग ज्या घड्याळावर मोजायचा, त्याची गती मुद्दाम थोडी बदलून ठेवली होती. ती नेमकी किती, हे संशोधकांच्या चमूबाहेरच्या दोनच व्यक्तींना ठाऊक होते. वेगवेगळ्या गटांनी वर्षानुवर्षे आकडेमोड केली, एकमेकांच्या चुका काढल्या. पण उत्तर ज्ञात कणांच्या सिद्धांताने वर्तवलेल्या आकड्याच्या जवळ जाते आहे की लांब, हे कोणालाच कळण्याची सोय नव्हती. सगळ्यांनी संमती दिल्यावरच फेब्रुवारी २०२१ मध्ये ऑनलाइन बैठकीत लिफाफा उघडला आणि तो गुप्त आकडा गणितात घातला गेला. मनासारखे उत्तर येईपर्यंत चाचपडत राहण्याचा मोह माणसाला होतोच. तो मोह या लोकांनी मोजमापाआधीच कुलूपबंद केला.

आता मूळ मुद्दा. २०२१ मध्ये प्रयोग आणि सिद्धांत यांच्यातली तफावत ४.२ सिग्मा होती; सिग्मा म्हणजे आकड्यांतल्या अनिश्चिततेच्या तुलनेत फरक किती मोठा हे सांगणारे माप. एवढा फरक निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता सुमारे चाळीस हजारांत एक. शोध लागला असे म्हणायला मात्र या क्षेत्रात पाच सिग्मा लागतात, म्हणजे सुमारे पस्तीस लाखांत एक. आज ती तफावत जवळपास उरलेली नाही. पण हलले कोण? प्रयोग नव्हे. ब्रूकहेवनचा जुना आकडा, फर्मीलॅबचा २०२१ चा आणि २०२५ चा, तिन्ही आपापल्या त्रुटीच्या मर्यादेत जुळतात. अचूकता तेवढी वाढत गेली. आता अनिश्चितता एक अब्जात १२७ भाग आहे. एक किलोमीटर अंतर मोजताना एक-दोन केसांच्या जाडीइतकी चूक व्हावी, तसे हे आहे.

हलला तो सिद्धांताचा आकडा. त्यातला क्वार्कांमुळे, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात त्या कणांमुळे, येणारा भाग पूर्वी इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन यांच्या टकरींच्या मोजमापांवरून काढत. तोच भाग महासंगणकावर थेट मूळ समीकरणांतून काढणाऱ्या एका गटाचा शोधनिबंध फर्मीलॅबच्या घोषणेच्याच दिवशी, ७ एप्रिल २०२१ रोजी, प्रसिद्ध झाला. त्यांचे उत्तर प्रयोगाच्या बरेच जवळ होते. पण त्या दिवशीच्या मथळ्यांत त्याला जागा मिळाली नाही. पुढे २०२३ मध्ये रशियातल्या नोव्होसिबिर्स्क येथील टकरींच्या नव्या मोजमापाने जुन्या टकरींच्या आकड्यांशीच फारकत घेतली. अखेर मे २०२५ मध्ये सिद्धांतकारांच्या आंतरराष्ट्रीय गटाने महासंगणकाच्या गणितावर आधारलेला आकडा स्वीकारला.

म्हणून 'प्रयोग फसला' हे जितके चूक, तितकेच 'कोडे सुटले' हेही. टकरींची मोजमापे आपसांत का जुळत नाहीत, याचे उत्तर अजून मिळालेले नाही. सिद्धांताच्या आकड्यातली अनिश्चितता आज प्रयोगाच्या सुमारे चौपट आहे, त्यामुळे तिथे काही नवे दडलेले असेल तर ते दिसायला आधी गणित धारदार व्हावे लागेल. जपानमध्ये जे-पार्क या संशोधन केंद्रात अगदी वेगळ्या पद्धतीने, बऱ्याच छोट्या कड्यात हेच मोजण्याची तयारी चालू आहे.

आपल्याला माझी विनंती आहे. विसंगतीची बातमी जरूर मोठी छापा, मुले त्यातूनच या विषयाकडे वळतात. पण तिच्यासोबत सिग्मा म्हणजे काय ते एका वाक्यात सांगा, आणि सिद्धांताच्या बाजूने वेगळे उत्तर आले असेल तर तेही त्याच बातमीत द्या. पुढे ती तफावत मिटली, तर ती कोणत्या बाजूने मिटली हे तितक्याच जागेत लिहा. माझ्या विद्यार्थिनीला मी फळ्यावर तिन्ही वर्षांचे आकडे एकाखाली एक लिहून दाखवले. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मग हे पेपरात का नाही आले?"

आपली विश्वासू,
भौतिकशास्त्राची एक शिक्षिका