सरांच्या ट्रंकेतला तुझा कागद

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय मृणाल,

सप्रेम नमस्कार. माझी प्रकृती ठीक आहे. गुडघा आहे तसाच आहे. देसाई सरांच्या कागदांत मला तुझा एक कागद सापडला आहे आणि त्याचे काय करावे हे तुला विचारल्याशिवाय ठरवता येणार नाही, म्हणून फोन न करता सविस्तर लिहिते आहे.

सरांच्या ट्रंका निपाणीहून आमच्या संस्थेत आल्याचे वहिनींनी तुला कळवले असेलच. रासायनिक अस्त्रांवरील बंदीसाठी जिनिव्हाच्या निःशस्त्रीकरण परिषदेत ज्या वाटाघाटी झाल्या, त्यांचे कागद सर पत्रांवर पत्रे लिहून मागवत असत. ते सगळे त्यांत आहेत. देशोदेशींची टिपणे आहेत, १९८४ पासूनचे कराराचे मसुदे आहेत, त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी इराणमध्ये जाऊन मस्टर्ड वायू आणि टॅबून हे मज्जातंतूंवर घाला घालणारे विष वापरले गेल्याची खात्री करून दिलेला अहवाल आहे. मसुद्यांत जिथे एकमत नसे तो मजकूर चौकटी कंसात टाकत, आणि कोणता कंस कधी गळला, कोणता नव्याने आला, हे सरांनी लाल पेन्सिलीने टिपून ठेवले आहे. दोन मसुदे सारखेच दिसतात तर एक काढून टाका, असे सुचवणाऱ्याला मी त्या लाल खुणा दाखवते. फॅक्सचे कागद तेवढे पुसट होत चालले आहेत. त्यांच्या प्रती आधी काढून घेतल्या.

माझी काळजी आहे ती मांडणीची. आमच्या समितीला हा संग्रह कराराच्या तीन अनुसूचींप्रमाणे, म्हणजे देखरेखीखालच्या रसायनांच्या याद्यांप्रमाणे, लावायचा आहे: पहिलीत सरीन आणि मस्टर्ड, दुसरीत थायोडायग्लायकॉल, तिसरीत फॉस्जीन. अभ्यासकाला सोपे जाईल, हा त्यांचा मुद्दा मला कळतो. परंतु २२ एप्रिल १९१५ रोजी पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या ईप्रच्या खंदकांवर जो सोडला गेला तो क्लोरीन या तिन्ही अनुसूचींत कुठेच नाही, आणि सीरियात २०१४ साली तोच वापरला गेल्याचे करार राबवणाऱ्या हेगच्या संस्थेच्या तपास पथकाने नोंदवले आहे. समितीच्या मांडणीत त्याची फाईल 'विविध' या खोक्यात जाते. ज्या वायूपासून हा सगळा विषय सुरू झाला तो 'विविध' कसा होईल?

सरांच्या फाईलींवर रसायनांची नावेच नाहीत, मृणाल. त्यांवर 'पाणी', 'रंग', 'शेती', 'औषध' असे लिहिले आहे. 'रंग' उघडली की आधी शहापूर-वडगावच्या विणकरांकडून आणलेल्या रंगांच्या चिठ्ठ्या येतात, मग कापडाच्या छपाईत लागणाऱ्या थायोडायग्लायकॉलचे व्यापारी कागद, आणि त्यानंतर त्याच थायोडायग्लायकॉलपासून मस्टर्ड तयार होते म्हणून त्याच्या विक्रीवर नजर कशी ठेवावी याबद्दलची टिपणे. 'शेती' १९३६ मध्ये जर्मनीत कीटकनाशके शोधता शोधता रसायनशास्त्रज्ञ श्राडरच्या हाती लागलेल्या टॅबूनपाशी पोहोचते. 'औषध'मध्ये उलट प्रवास आहे, नायट्रोजन मस्टर्डपासून कर्करोगावरच्या उपचारांकडे. कराराचे दुसरे कलम नेमके हेच सांगते की कोणतेही विषारी रसायन मनाई नसलेल्या कामासाठी आणि त्या कामापुरत्याच प्रमाणात नसेल तर ते अस्त्र होय, मग ते अनुसूचीत असो वा नसो. सरांनी ते कलम फाईलींच्या क्रमात उतरवले आहे, आणि हा क्रम एकदा मोडला की सुटे कागद पाहून तो पुन्हा कोणालाही जुळवता येणार नाही.

आता तुझा कागद. 'पाणी' या फाईलीत सर्वांत वर, ईप्रच्याही आधी, तुझ्या त्या तिरक्या अक्षरातले पान आहे: क्लोरीनवर बंदी घालणार असाल तर राकसकोपचे पाणी शुद्ध कोण करणार, आणि श्रीमंत देशांनी आमच्या कारखान्यांत तपासणीला का यावे? सरांनी तुझे पान टोपलीत टाकले असे तू कॅन्टीनमध्ये सगळ्यांना सांगत होतीस, आणि मी सरांची बाजू घेतली म्हणून सहामाहीपर्यंत माझ्याशी बोलली नाहीस. माझी चहाची उधारीही तेव्हाच बुडवलीस; ती अजून बाकी आहे. टोपलीत टाकले नव्हते, ग. खाली पेन्सिलीने 'प्रश्न बरोबर आहे' असे लिहिले आहे, आणि पुढे नंतर केव्हातरी शाईने 'कलम २ पाहा'. ती शाईची ओळ कराराचा मजकूर पक्का झाल्यावरची, म्हणजे १९९२ नंतरची असणार. तोवर तू बेळगाव सोडले होतेस. ते वाचल्यावर मी कितीतरी वेळ पुढचा कागद हातात घेऊ शकले नाही.

समितीचे म्हणणे असे की हे विद्यार्थिनीचे खाजगी पान आहे, संग्रहाचा भाग नाही, ते काढून तुला परत पाठवावे. मला ते मान्य नाही, आणि आमच्या हिरेमठबाईंनाही नाही. कन्नड सूची त्या करतात, आणि मूळ क्रम हलवू नये असे त्यांनी बैठकीत माझ्याआधी सांगितले. सरांची मांडणी कशातून उभी राहिली याचा आमच्याकडचा एकमेव पुरावा तुझे पान आहे. तेव्हा मला दोन गोष्टी हव्या आहेत. पान तुझ्या नावासकट अभ्यासकांना पाहू द्यावे की नाव झाकावे, हे तू सांगायचे. आणि त्या दिवशी वर्गात सर तुला काय म्हणाले ते आठवेल तसे लिहून द्यायचे. मी मागच्या बाकावर होते, मला फक्त तुझा आवाज आठवतो.

तुमच्या कारखान्यात तपासणी पथक येऊन गेल्याचे सुनीलकडून कळले. सगळे सुरळीत झाले ना? ज्या मुलीने तपासणीला विरोध केला तिनेच त्यांना कारखाना फिरवून दाखवला, हे सरांना फार आवडले असते. सईचे लग्न ठरले, आनंद झाला; तारीख कळव. कुंदा पाठवते आहे.

समितीची बैठक गणपती झाल्यावर लगेच आहे. तुझे पत्र सहीसह कुरिअरने पाठव, मोबाइलवरचा फोटो इथे चालत नाही. आणि नाव झाकायचे असेल तर कारणही लिही, कारण ते मला नोंदीत घालावे लागेल.

तुझी,
वासंती