उद्यानातल्या पाटीवर नियमाचा आधारही छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

महापालिकेच्या उद्यानांत फाटकाशी नियमांची पाटी असते. चेंडू खेळू नये, डबे उघडू नयेत, हिरवळीवर बसू नये, दुपारी उद्यान बंद. आणि सगळ्यात खाली ‘आदेशावरून’. आदेश कुणाचा, कोणत्या कायद्याखाली, कोणत्या तारखेचा, याचा पत्ता नाही. आमच्या भागातल्या पाटीवर तर शेवटच्या दोन ओळी वेगळ्याच रंगात, मागाहून रंगवलेल्या दिसतात. रखवालदाराला विचारलं तर उत्तर मिळतं, ‘साहेबांनी सांगितलंय.’ त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

नियम नकोतच, असं मुळीच म्हणणं नाही. कुत्री मोकळी सोडू नयेत हा नियम तर आणखी कडक करावा. पण नागरिकाला दंड करायचा किंवा बाहेर काढायचं तर नियमाच्या पाठीशी कायदा हवा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ४५८ ने महापालिकेला उपविधी, म्हणजे कायद्याच्या आधाराने स्वतःचे स्थानिक नियम, करण्याचा अधिकार दिला आहे. मात्र त्यासाठी मसुदा प्रसिद्ध करायचा, हरकती ऐकायच्या, राज्य सरकारची मंजुरी घ्यायची, अशी रीत आहे. पुण्यात मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं प्रशासकच कारभार पाहत होते. त्या काळात पाट्यांवर ज्या ओळी वाढल्या असतील, त्यांवर हरकती कुणी मागवल्या आणि कुणी ऐकल्या?

प्रकरण न्यायालयात गेलं की नेमकं हेच तपासलं जातं. न्यायाधीशांना नियम पसंत आहे का, हा प्रश्न तिथे गौण. करणाऱ्याला अधिकार होता का, रीत पाळली का, मनमानी झाली का, हे पाहतात. बंगळुरूच्या राजमहाल विलास विस्तारातली उद्यानासाठी राखलेली जागा सरकारी आदेशाने खासगी रुग्णालयासाठी देण्यात आली होती. रहिवासी न्यायालयात गेले. रुग्णालय काही वाईट गोष्ट नव्हे! तरीही १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश बेकायदा ठरवला. विकास योजनेतलं आरक्षण असं आदेशाने हलवता येत नाही, आणि त्याविरुद्ध दाद मागण्याचा रहिवाशांना हक्क आहे, हे त्या निकालाने पक्कं केलं.

आपल्याकडचं ठळक उदाहरण शिवाजी पार्कचं. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने ते शांतता क्षेत्र ठरवलं. पुढे २०१६ च्या शासन निर्णयाने खेळाव्यतिरिक्तच्या कार्यक्रमांसाठी वर्षाकाठी ४५ दिवस ठरवून दिले, आणि त्यांत दसरा मेळावाही होता. २०२२ मध्ये मुंबई महापालिकेने पोलिसांच्या अहवालाकडे बोट दाखवून मेळाव्याला परवानगी नाकारली. २३ सप्टेंबरला उच्च न्यायालयाने तो नकार रद्द केला. राजकारण घटकाभर बाजूला ठेवून पाहा: मैदानाच्या वापराचा नियम लेखी होता, तारखेसह होता, म्हणून महापालिकेचा निर्णय त्याच्याशी ताडून पाहता आला. ‘आदेशावरून’ एवढंच हाती असतं तर ताडायचं कशाशी?

म्हणून महापालिकेला विनंती आहे, की पाटीवरच्या प्रत्येक नियमापुढे उपविधीचा क्रमांक आणि मंजुरीची तारीख छापावी. ज्या ओळीला असा आधार सापडणार नाही, ती पुसून टाकावी आणि गरज वाटली तर रीतसर मसुदा काढावा. सुरुवात दुपारच्या बंद वेळेपासून करावी. दोन घरच्या कामांमध्ये तासभर सावलीला टेकणाऱ्या बायका आणि सामान पोचवणारी पोरं त्याच वेळी फाटकाबाहेर पदपथावर बसलेली असतात. त्यांच्यातलं कुणी याचिका घेऊन उच्च न्यायालयात जाणार नाही, तेव्हा त्या वेळेमागचा कागद महापालिकेनेच आधी दाखवावा.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे