पाहणीत पक्षी आढळून आले नाहीत: मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार.

आपल्या खात्याच्या तालुक्यातल्या कार्यालयाचं पत्र परवा हातात पडलं. आमच्या खाजणात, म्हणजे भरतीचं पाणी शिरणाऱ्या खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, मातीचा भराव पडतोय आणि पक्ष्यांची जागा जातेय, असा मी अर्ज दिला तेव्हा आंब्याला मोहोर होता, उत्तर आलं तेव्हा गावात लावणी चालू होती. तरी उत्तर आलं, त्याबद्दल आभारी आहे. पत्रात दोनच वाक्यं आहेत. ‘सदर ठिकाणी प्रत्यक्ष स्थळपाहणी केली असता स्थलांतरित पाणपक्षी आढळून आले नाहीत. सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’

पाहणी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात झाली. वेळ दुपारी बारा ते सव्वाबारा.

साहेब, हे स्थलांतरित पाणपक्षी, म्हणजे आमचे तुतवार आणि चिखल्ये, सप्टेंबर-ऑक्टोबरात उत्तरेकडून येतात, काही तर थेट सायबेरियातून, आणि मार्च-एप्रिलात परत जातात. मेअखेरीला त्यांना शोधायला जाणं म्हणजे श्रावणात गावात येऊन शिमग्याची पालखी आढळून आली नाही असा पंचनामा करण्यासारखं आहे. आपल्या खात्यात हे कुणालाच ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही. ठाऊक होतं म्हणूनच मे महिना निवडला, असं आमच्या वाडीत म्हणतात. मी तसं म्हणत नाही. निदान अजून तरी म्हणत नाही.

मी कोण ते सांगतो. दापोली-गुहागरच्या पट्ट्यात एका खाडीकाठी माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, साखरपुडे, बारशी, पासपोर्ट साइज फोटो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर येत्या हंगामात शनिवारी पहाटे खाजणाच्या बांधावर मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागेल. अर्जाचा आवक क्रमांक आपल्या कार्यालयाकडे आहेच. स्टुडिओ उघडण्याआधी आणि बंद केल्यानंतर मी पक्ष्यांचे फोटो काढतो. त्यातून एक रुपया मिळत नाही. उलट १५०-६०० ची लेन्स हप्त्यावर घेतली, तिचे हप्ते लग्नाच्या ऑर्डरींतून फेडतो. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरू नये म्हणून ती कपाटात बल्ब लावून ठेवतो. बायको म्हणते, घरात माणसांचे कपडे वाळत नाहीत आणि या नळकांड्याला शेक. तिचं काही चुकत नाही.

ज्या खाजणाबद्दल अर्ज होता, त्याबद्दल आपणच बोलला होतात. पक्षी सप्ताह होता. ५ ते १२ नोव्हेंबर, म्हणजे मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. शासनाने २०२० साली तो सुरू केला, चांगलं केलं. शाळेच्या पटांगणात मांडव होता, मुलांनी कागदी बगळे केले होते. आपण म्हणालात, ‘या खाजणाला मी हात लागू देणार नाही.’ टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या. आपल्या मागच्या बॅनरवर सोनचिखल्यांच्या थव्याचा मोठा फोटो होता, सोनेरी पाठी, मागे तिवरांची, म्हणजे कांदळवनाची, ओळ. तो फोटो माझा आहे. याच खाजणात काढलेला. न विचारता लावला, खाली नाव नाही. त्याचं मला वाईट वाटलं नाही, पक्ष्यांच्या कामी आला असं म्हणालो. आज वाटतं. ज्या ठिकाणचा फोटो छापून आपलं खातं सप्ताह साजरा करतं, त्याच ठिकाणी आपल्या खात्याला पक्षी आढळत नाहीत.

हात कुणी लावला? डंपरने लावला. नाताळच्या सुट्टीत जांभ्याची लाल माती येऊन पडायला लागली. माझे शेजारी म्हणतात तीनशे डंपर पडले, बांधाखालचा दुकानदार म्हणतो पाचशेच्या खाली नाहीत. तीनशे धरू. त्यावर आता पेव्हर ब्लॉकची वाट आहे, रात्रभर जळणारे एलईडी आहेत, गावाच्या नावाची भलीमोठी चमकणारी अक्षरं आहेत आणि गुलाबी रंगाचे चार फायबरचे रोहित पक्षी आहेत. खरा रोहित या खाडीत मी जन्मात पाहिलेला नाही. जे खरोखर यायचे ते मातकट रंगाचे, मुठीएवढे, फोटोत नीट न दिसणारे. त्यांचे पुतळे कोण करणार? कामाचं नाव मात्र ‘पक्षीनिरीक्षण पर्यटन सुविधा’. बिल निघालं असेलच.

या जागेचा हिशेब थोडा सांगतो, कारण तो पेव्हर ब्लॉक घालणाऱ्यांनी केला नाही. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो, तेव्हा हे पक्षी तिथे चोची खुपसून किडे, शिंपले, कुर्ल्यांची पिल्लं खातात. भरती आली की चिखल बुडतो आणि त्यांना टेकायला कोरडी, मोकळी, माणसांपासून लांब जागा लागते. ती म्हणजे आमचं खाजण. जुन्या लोकांनी बांध घालून, पाणी सोडायची दारं म्हणजे उघाडी बसवून तिथे खाऱ्या जमिनीतलं भात घेतलं. पुढे पोरं मुंबईला गेली, बांध फुटला, दुरुस्त कुणी केला नाही, खारं पाणी आत आलं, कडेने तिवरं उगवली. पक्ष्यांना भरतीच्या वेळची विश्रांतीची जागा मिळाली. ती भरली की उरलेली सगळी खाडी असून उपयोग नाही, कारण दिवसातून दोनदा पाणी चढतं आणि तेवढा वेळ हवेत काढायचा म्हणजे उत्तरेकडच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी इथेच जाळायची.

आणि कायदा काय म्हणतो? २०१७ च्या पाणथळ नियमांत व्याख्येतूनच भातशेती वगळली, मिठागरं वगळली, नदीचं पात्र वगळलं, सिंचनासाठी बांधलेली तळी वगळली. कोकणात मग राहतं काय? आमचं खाजण सातबारावर भातजमीन, म्हणजे पाणथळ नाही. गुडघाभर खारं पाणी असलं तरी नाही. सर्वोच्च न्यायालय देशातल्या २ लाख ३१ हजार १९५ पाणथळींची जागेवर जाऊन खातरजमा करा म्हणतं, पण तो आकडाही सव्वादोन हेक्टरपेक्षा मोठ्या जागांचा. त्याहून लहान असेल तर पक्ष्यांनी जागा मोजून उतरावं. तिवरांचं म्हणाल तर मुंबई उच्च न्यायालयाने आधी २००५ साली आणि मग सप्टेंबर २०१८ मध्ये बजावून सांगितलं आहे की कांदळवन तोडायचं नाही, भोवतीच्या ५० मीटरात बांधकाम नाही. पेव्हर ब्लॉकपासून तिवर माझ्या पावलांनी मोजलं तर वीस मीटरही नाही. अर्जात तेही लिहिलं होतं, फोटो जोडले होते. उत्तरात तिवरांचा ‘ति’ नाही.

माझे फोटो गेले कुठे? प्रत्येक फोटोवर तारीख, वेळ, ठिकाण होतं. थवा माती पडण्याआधी, थवा माती पडताना, आणि नंतर रिकामी माती. मी समजत होतो की हा पुरावा आहे. आपल्या कार्यालयातल्या एका गृहस्थांनी सांगितलं, ‘खाजगी व्यक्तीचे फोटो ग्राह्य धरत नाहीत.’ बॅनरवर धरतात.

आता मुख्य दुखणं सांगतो. त्या वाटेच्या तोंडाशी फलक लागला आहे: ‘व्यावसायिक कॅमेऱ्याने छायाचित्रण करण्यास सक्त मनाई.’ मोबाइल चालतो, सेल्फीच्या काठ्या चालतात, वाढदिवसाचे फुगे आणि फटाके चालतात. लांब लेन्स चालत नाही. फेब्रुवारीत मला तिथे अडवलं. रखवालदार पोरगा गावचाच, त्याच्या बहिणीचं लग्न मीच शूट केलं. तो बिचारा मान खाली घालून म्हणाला, ‘काका, वरून सांगितलंय.’ मग वरचे आले. कार्ड काढा, डिलीट करा, कुठे पाठवता, कुणासाठी काम करता, पैसे कोण देतं. दुकानात दोन नवरे साखरपुड्याच्या अल्बमसाठी ताटकळत बसले होते आणि मी इथे बाकावर. संध्याकाळपर्यंत. एका माणसाने तर मला विकासविरोधी म्हटलं. साहेब, माझ्या दुकानासमोरच्या गटारावर झाकण नाही, मी तरीही विकासविरोधी.

अभयारण्यात फोटो काढायला परवानगी लागते, ते वन्यजीव कायद्याच्या कलम २८ मध्ये आहे, मला मान्य आहे. पण आमचं खाजण अभयारण्य आहे कुठे? ते अभयारण्य केलंत तर मी रोज रांगेत उभा राहून पावती फाडीन. संरक्षण द्यायचं नाही आणि बंदी मात्र अभयारण्याची, हे कोणत्या जीआरमध्ये बसतं, त्याचा क्रमांक कळवावा.

सालिम अलींनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास १९३० च्या पावसाळ्यात आमच्याच किनाऱ्यावर, अलिबागजवळ किहीमला केला. आज करायला गेले असते तर दुपारपर्यंत बाकावर बसले असते.

आणि जिथे खरंच अडवायला हवं तिथे कुणी अडवत नाही. पावसाळा सुरू झाला की तिबोटी खंड्या पऱ्यांच्या, म्हणजे ओढ्यांच्या, कडेच्या मातीत बीळ करून अंडी घालतो. बोटभर पक्षी, अंगावर सगळे रंग. मग गाड्या येतात. रिसॉर्टमधून मार्गदर्शकासह पॅकेज असतं. घरट्यासमोरच्या फांद्या तोडतात, त्याच्या बसण्यासाठी आपली काठी रोवतात, मोबाइलवर आवाज वाजवतात, फ्लॅश मारतात, आठ-दहा ट्रायपॉड घरट्याच्या तोंडाशी. पिल्लं आत उपाशी आणि आईच्या चोचीत पाल, पण ती उतरायला बघत नाही. त्याच कायद्यात शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कळीत करणं येतं. म्हणजे ही शिकार आहे. गेल्या पावसात मी एकाला हे सांगितलं तर त्याने आपल्या ओळखीच्या अधिकाऱ्याला फोन लावून माझ्या कानाला दिला. तेव्हा समजलं की कॅमेऱ्याची अडचण नाही. कुणाच्या गळ्यात आहे, ते बघतात.

आमच्याकडे सगळंच असं झालं आहे. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, चिरेखाण निघते तेव्हा ती पडीक जमीन असते, खाडीत माती पडते तेव्हा ती सुविधा असते, महामार्गासाठी वडाची झाडं जातात तेव्हा कागदावर दुप्पट झाडं उगवलेली असतात. कागदावरचं कोकण फार हिरवंगार आहे. तिथे मला एकदा फोटो काढायला न्या.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. मेची पाहणी रद्द करून पुन्हा पाहणी करावी, पौष पौर्णिमेच्या आसपास. आपल्या माणसांना दुपारची वेळच सोयीची असेल तर हरकत नाही, पौर्णिमेला आमच्याकडे भरती बाराच्या सुमारासच असते आणि पक्षी तेव्हाच खाजणात दाटतात. मागच्यासारखी पंधरा मिनिटंच मिळणार असतील तरी पुरतील, फक्त त्याआधी रात्रीचे दिवे बंद ठेवावेत. सोबत कुणीतरी पक्षी ओळखणारा असावा. मी येईन, मानधन नको. तोवर उरलेल्या निम्म्या खाजणात एक टोपलीसुद्धा माती पडू नये. फलक काढावा. घरट्यांजवळच्या फोटोग्राफीला अभयारण्याबाहेरही नियम लावावा, मलाही लावावा.

मेच्या पाहणीचा पंचनामा, त्यावर सह्या करणाऱ्या पंचांची नावं आणि कामाचं अंदाजपत्रक मी माहिती अधिकारात मागितलं आहे. मुदत ३० दिवसांची. उत्तर पाठवताना पाकिटावर वाडीचं नाव नीट लिहायला सांगावं, मागचं पत्र आधी खालच्या वाडीतल्या माझ्या नावाच्या माणसाकडे गेलं होतं आणि त्याने ते उघडून सगळ्या वाडीला वाचून दाखवलं.

कळावे,
आपल्या बॅनरचा छायाचित्रकार