चार्ज देताना

स्टुटगार्ट,
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

ती. आण्णा व ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी फोनवर आपलं भांडण अर्धवट राहिलं. "आत्ताच्या पोरांस्नी कामाची चाडच ऱ्हायली न्हाई," असं म्हणून तुम्ही फोन दादाच्या हातात दिलात आणि जेवायला बसलात. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून लिहिते. दादा प्रिंट काढून देईल. अक्षरं मोठी ठेव म्हणावं त्याला, नाहीतर चष्म्यावरून आईला कुरकुर ऐकावी लागेल.

विषय सौरभचा होता. दोन वर्षांत तिसरी नोकरी सोडली म्हणून तुम्ही त्याला कामचुकार ठरवलंत, आणि त्याच्यावरून साऱ्या पिढीला. वर तो नारायण मूर्तींचा व्हिडिओ तुम्ही मला तिसऱ्यांदा पाठवलात. तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं, असं ते ऑक्टोबर २०२३ मध्ये म्हणाले होते आणि दाखला दिला होता महायुद्धानंतरच्या जर्मनी-जपानचा. खाली तुमचा मेसेज : "तू तर तितंच हैस, बघ जरा."

बघते आहे, आण्णा. इथे दवाखान्यात नर्स होऊन चार वर्षं झाली. इथे कायद्यानं दिवसाला आठ तास काम. फार तर दहा घेता येतात, पण पुढे ते कमी करून सरासरी आठावर आणावी लागते. एक पाळी संपली की दुसरी सुरू व्हायच्या आधी अकरा तास मोकळे द्यावे लागतात. दवाखान्यात ते दहावर आणता येतात, पण मग तो तास नंतर भरून द्यावा लागतो. आठ तासांचा दिवस इथे नोव्हेंबर १९१८ मध्येच आला. तुम्हाला परकं वाटत असेल तर आपलंच सांगते. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीनं निवेदन दिलं, त्यातली एक मागणी अशी होती की काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला थांबावं. ही मागणी होती, म्हणजे आधी काय असेल ते बघा. रविवारची सुट्टी मिळाली १० जून १८९० ला. ज्या दिवशी तुम्ही मला फोन करून रागावता तो दिवसही त्यांनीच मिळवून दिलेला.

आणि जर्मन गाड्या घड्याळावर धावतात हा तुमचा समज आता सोडा. २०२४ मध्ये रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर होत्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर इथे वेळेवरच धरतात. ड्रायव्हर आळशी झाले म्हणून हे झालेलं नाही. रूळ आणि सिग्नल जुने झाले, वर्षानुवर्षं त्यात पुरेसा पैसा घातला नाही. मी मात्र पाच मिनिटं उशिरा पोचले तर माझ्याआधीच्या पाळीची बाई कोट चढवून दारात उभी असते.

तुमच्यासारखं बोलणारे इथेही पुष्कळ आहेत, तेवढंच समाधान. चार दिवसांचा आठवडा आणि काम-आयुष्याचा समतोल यांनी देशाची सुबत्ता टिकणार नाही, असं चान्सेलर मेर्त्स मे २०२५ मध्ये म्हणाले. आजारपणाच्या रजांवरून तर रोज काथ्याकूट. माणशी वर्षाला सरासरी १५ दिवसांच्या आसपास रजा पडते. पहिले सहा आठवडे मालक पूर्ण पगार देतो, पुढे आरोग्य विमा. तीन दिवसांपेक्षा जास्त आजारपण असेल तर डॉक्टरची चिठ्ठी लागते, पण आजार कोणता ते मालकाला कळत नाही, विचारायची सोयही नाही. साधा आजार असेल आणि डॉक्टर ओळखत असेल तर २०२३ च्या डिसेंबरपासून चिठ्ठी फोनवरही मिळते. हे वाचून तुम्ही कपाळाला हात लावला असणार. माझ्या वॉर्डात एक ८८ वर्षांचे आजोबा होते, लेथवर आयुष्य गेलेले, तेही अस्साच हात लावायचे. तुमची आणि त्यांची एका बाकावर गाठ पडायला हवी होती, भाषा आली नसती तरी.

मला जबाबदारी म्हणजे काय हे कुठे कळलं ते सांगते. सातवीत असताना गळीत हंगामात आई मला डबा घेऊन साखर कारखान्यावर पाठवायची. तुमची चार ते बारा असायची. एकदा वॉचमननं मला थेट पाक आटवायच्या पॅनच्या मजल्यावर येऊ दिलं. पायाखाली लोखंडी जाळी, खाली वाफ, सगळीकडे तो गोड-करपट वास. तुम्ही पॅनमधून प्रूफ स्टिक ओढलीत, काचेच्या पट्टीवर पाक घेतलात, बोटानं पसरलात आणि बल्बसमोर धरून डोळे बारीक केलेत. मला म्हणालात, "बघ, दाणा धरलाय. आता ह्याला सोडून जायचं न्हाई." त्या रात्री तुम्ही अडीचला घरी आलात. पुढच्या पाळीचा माणूस वेळेवर आला होता, पण पॅन त्याच्या हाती द्यायच्या अवस्थेत नव्हता. खोटा बारीक दाणा पडला असता तर त्याच्या नावावर गेला असता. "आपली घाण दुसऱ्याच्या चार्जात टाकायची नसते," हे तुम्ही आईला सांगत होतात आणि मी गोधडीत ऐकत होते.

तो चार्ज मी इथे रोज देते. इथे त्याला 'युबरगाबे' म्हणतात. पाळी बदलताना पलंगापाशी जाऊन एकेका पेशंटचं सांगायचं : रात्री किती वेळा उठले, पाणी किती प्याले, टाचेला लाली आली आहे का, मुलीचा फोन आला होता का. पहिल्या वर्षी मी तुमच्यासारखीच वागायला गेले. पाळी संपली तरी दीड-दीड तास थांबायची, पुढच्या पाळीची ड्रेसिंग करून ठेवायची. वॉर्डची प्रमुख बाई शाबासकी देईल अशी आशा. तिनं मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "तुझं काम आठ तासांत बसत नसेल तर ते मला कळायला हवं. तू गुपचूप भरून काढत राहिलीस तर माणसं कमी आहेत हे मी वर कोणत्या तोंडानं सांगू?" मला रडू आलं. चोरी पकडल्यासारखं वाटलं, आणि चोरी कसली, तर जास्त काम केल्याची!

आता तुमच्या बाजूचंही लिहिते, नाहीतर म्हणाल पोरगी एकतर्फी बोलते. अंगचोर लोक इथे आहेत. गुरुवारी सण आला की मधला शुक्रवार लोक रजा टाकून जोडतात, त्याला इथे 'पुलाचा दिवस' म्हणतात. माझी एक सहकारी आहे, यूलिया. हिला रजा मिळाली नाही की नेमका त्या शुक्रवारी ताप येतो. मग आम्ही तिघींचं काम दोघींनी ओढायचं. मनातल्या मनात मी तिला आपल्याकडच्या सगळ्या शिव्या दिल्यात, तिला कळत नाहीत हे बरं. पाट्या टाकणारे म्हणावेत असेही दोघे-तिघे आहेत. पण आजारपणाच्या रजांचा सगळा आकडा त्यांच्यामुळे फुगला असं नाही. पूर्वी चिठ्ठीची एक प्रत पेशंटनं स्वतः विमावाल्यांना पाठवायची असायची, बरेच जण पाठवतच नसत. आता डॉक्टरकडून ती परस्पर जाते, त्यामुळे प्रत्येक सर्दी मोजली जाते.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आईला वाचून दाखवताना जरा सांभाळून. नोव्हेंबरात माझ्या हातून चूक होता होता राहिली. यूलिया आजारी, दुसरी एक बाळंतपणाच्या रजेवर, म्हणून मी दोन पाळ्या आपणहून अंगावर घेतल्या होत्या. सलग सातवा दिवस, संध्याकाळची पाळी. तीन पलंगांच्या खोलीत दोघांना जेवणाआधी इन्सुलिन द्यायचं, एकाला सहा युनिट, दुसऱ्याला चौदा. दुपारी दोघांना पलंगासकट एक्स-रेला नेलं होतं आणि परत आणताना जागा उलट्या झाल्या होत्या. माझ्या डोक्यात 'खिडकीकडचे चौदा' एवढंच बसलेलं. मी पेन लावायला वाकले आणि मागून कुणीतरी विचारलं, "हातातला पट्टा वाचलास?"

यूलिया होती. त्याच दिवशी परत रुजू झालेली.

मी पट्टा वाचला. नाव दुसरंच होतं. चौदा युनिट त्या बारीकशा म्हाताऱ्याला गेले असते तर रात्री त्याची साखर कुठे उतरली असती, ते लिहायला नको. मी बाहेर येऊन सामानाच्या खोलीत दहा मिनिटं फरशीवर बसून राहिले.

इथे अशा टळलेल्या चुकांची नोंद करायची एक पद्धत आहे, नाव न देता लिहिता येतं. मी लिहिलं. मग राहवलं नाही म्हणून प्रमुख बाईलाही जाऊन सांगितलं. वाटलं होतं आता मेमो. तिनं आधी पेशंट कसा आहे विचारलं. मग कॉम्प्युटरवर पाळ्यांचा तक्ता उघडला, माझ्या नावासमोर बोट फिरवत सात चौकोन मोजले, आणि म्हणाली, "सातवा दिवस मी कसा लावला? हे माझ्याकडून सुटलं." पुढच्या आठवड्यात नियम झाला : पेशंट बाहेरून परत आला की जो पलंग आत ढकलतो त्यानं पट्टा मोठ्यानं वाचायचा. मला बोलणं बसलं ते फक्त पट्टा न वाचल्याबद्दल. ते बसायलाच हवं होतं. पट्टा न वाचणं ही माझीच चूक, थकवा असो नसो.

त्या रात्री घरी येताना मला तुमचा हात आठवला, आण्णा. डाव्या हाताचा, मनगटापासून कोपरापर्यंतचा भाजल्याचा वण. आम्हाला तुम्ही नेहमी सांगितलंत, "माजंच ध्यान नव्हतं." पण मी बारावीत असताना तुमच्या ट्रंकेत कागद बघितला होता. स्टीम व्हॉल्व्हची ग्लँड गळते आहे, पॅकिंग बदला, असं तुम्ही लॉगबुकात तीन वेळा लिहिल्याचं तुमच्याच अक्षरातलं टिपण. आणि त्यालाच टाचलेली दुसऱ्या कुणाच्या अक्षरातली ओळ : कामगाराच्या निष्काळजीपणामुळे. खाली तुमची सही. मेंटेनन्सच्या साहेबाची कुठेच नाही. तुम्ही चार दिवसांत पट्टी बांधून परत पॅनवर उभे राहिलात, आणि सारं गाव म्हणालं, काय कामाचा माणूस आहे.

मला तुमचा अभिमान आहे. पण त्या ओळीचा राग अजून जात नाही. 'जबाबदारी' हा शब्द मला नेहमी वरून खाली घरंगळत आलेला दिसतो. वर चढताना पहिल्यांदा दिसला तो त्या बाईच्या तोंडी, 'माझ्याकडून सुटलं' म्हणताना.

सौरभला मी गेल्या मंगळवारी फोन केला. तुमच्यापैकी कुणी त्याला नोकऱ्या का सोडल्या हे विचारलं होतं का? पहिली सोडली कारण पहाटे साडेचारची बस त्याला झेपेना. हे त्यानं हसत हसत कबूल केलं, तिथे तुम्ही त्याला खुशाल झापा. तिसरी सोडली दीड हजार रुपये जास्त मिळतात म्हणून. दुसरीचं मात्र वेगळं आहे. ठेकेदाराचा माणूस, अकरा महिन्यांचा करार. त्याला तपासणीला बसवलं होतं. पार्ट इतके यायचे की निम्मे बघूनच व्हायचे नाहीत, आणि तासाच्या शेवटी चेकशीटवर सगळे तपासले अशी सही करायची. त्यानं सुपरवायझरला विचारलं, न बघितलेल्याचं काय लिहू? उत्तर आलं, "ओके लिही, तुझ्या बापाचं काय जातंय?" तो म्हणाला, "ताई, उद्या कुणाच्या गाडीचं काही झालं तर सही माझी." दोन महिने त्यानं सह्या केल्या, मग जायचा बंद झाला. नोटीस दिली नाही, कुणाला सांगितलं नाही, नुसता गेलाच नाही. हे त्याचं चुकलंच, चार्ज न देता निघून आला. पण त्याचा चार्ज घ्यायला तिथे होतं तरी कोण?

तो पुढच्या रविवारी घरी येणार आहे. त्याला पॅनचं सांगा, ते काचेच्या पट्टीचं. ओरडू नका.

बाकी ठीक. थंडी उणे चारपर्यंत जाते. आईनं पाठवलेली शेंगदाण्याची चटणी वॉर्डात नेली होती. यूलियानं अर्धी संपवली आणि वर पाणी पाणी करत फिरली. कारखाना यंदा किती दिवस चालेल म्हणतात? दादाच्या उसाला तोड मिळाली का? वहिनीला आणि चिंगीला गोड पापा.

आणि एक विचारायचं राहिलं. तुम्ही भाजल्यावर त्या व्हॉल्व्हचं पॅकिंग पुढे बदललं का हो? तुम्ही कधी बोलला नाहीत. तुमच्यानंतर त्या पॅनवर शिंदेकाका उभे राहायचे, म्हणून विचारते.

तुमची,
सुजा